आठ फोटो, एक बटण

नेकनूरच्या आठवडी बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात तीन तऱ्हेची माणसं येतात. पासपोर्ट फोटो हवा असलेली, वाढदिवसाचा बॅनर हवा असलेली आणि नुसतीच पंख्याखाली बसायला आलेली. तिसऱ्यांचं काही करता येत नाही. पहिल्या दोघांपायी मात्र मी कित्येक वर्षं दिवसभर तीच ती बटणं दाबत बसायचो. त्यातून दसरा जवळ आला की ऊसतोडीला निघायच्या आधी प्रत्येकाला बँकेचं, आधारचं, पोरांच्या शाळेचं काहीतरी उरकायचं असतं आणि त्या प्रत्येकाला फोटो लागतो. काउंटरवर माणूस उभा राहून म्हणतो, "भाऊ, आटपा की, केजची गाडी जाईल." आपण म्हणतो, "झालंच मामा, दोन मिनिटं." दोन मिनिटांत ते कधीच होत नाही.

एका बाजारच्या दिवशी मी कॉम्प्युटरशेजारी पुठ्ठा ठेवला आणि एका फोटोसाठी जितक्या क्लिक केल्या तितक्या रेघा त्यावर ओढल्या. फाईल उघडल्यापासून आठ फोटोंचा कागद प्रिंटरला जाईपर्यंत एकतीस रेघा भरल्या. नंतर त्या रेघांकडे नीट पाहिलं. त्यातल्या चारच अशा होत्या जिथं मला डोळा लावून काही ठरवावं लागलं होतं: हनुवटीखाली किती जागा ठेवायची, मान तिरकी आहे का, उन्हानं चेहरा काळवंडलाय तो किती उजळायचा आणि फोटो घ्यायच्या लायकीचा आहे की परत काढायचा. उरलेल्या सत्तावीस क्लिका माझ्या बोटांना पाठ होत्या. त्या मी झोपेतही केल्या असत्या.

त्या सत्तावीस क्लिका मशीनकडे कशा सोपवायच्या, ते इथं सांगतो. फ्लेक्स, लग्नपत्रिका, आयकार्ड असली कामं करणाऱ्या कुठल्याही दुकानाला हे लागू आहे. तुम्हीही आधी पुठ्ठा घ्या, रेघा ओढा आणि डोळ्याच्या रेघांना गोल करा. गोल केलेल्या रेघा आपल्याकडेच ठेवायच्या.

एकाचे आठ

फोटोशॉपमध्ये ॲक्शन नावाची सोय १९९६ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. म्हणजे दुकानात कितीही जुनी आवृत्ती असली तरी ती सोय तिच्यात आहेच. 'विंडो' मेनूतून 'ॲक्शन्स' उघडा, किंवा ऑल्ट धरून एफ-९ दाबा. खाली फोल्डरचं चिन्ह दिसेल. त्यावरून आधी आपल्या दुकानाच्या नावाचा सेट करा आणि त्यात नवी ॲक्शन सुरू करा. नाव विचारलं जातं त्याच चौकटीत फंक्शन की निवडता येते. मी एफ-६ दिली आहे. 'रेकॉर्ड' दाबलं की खालचा गोळा लाल होतो आणि तिथून पुढं तुम्ही जे कराल ते टिपलं जातं. वेळ मात्र टिपला जात नाही, त्यामुळे घाई करू नका. मध्ये चहा आला तर प्या.

रेकॉर्ड सुरू करण्याआधी एक काम हातानं करायचं, ते म्हणजे क्रॉप. चेहरा कुठं आहे हे ॲक्शनला कळत नाही. क्रॉप टूलच्या पट्टीत रुंदी ३५ मिलिमीटर, उंची ४५ मिलिमीटर आणि रिझोल्यूशन ३०० भरा. आपल्याकडे बहुतेक अर्जांना हाच आकार चालतो, पण अर्जावर वेगळा लिहिला असेल तर तोच धरा. त्याच पट्टीत 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स' असा एक चौकोन असतो, त्यात टिक हवीच. ती नसली तर नव्या आवृत्त्यांत क्रॉप झाल्यावर बॅकग्राउंडचा साधा लेअर होऊन बसतो आणि पुढं ॲक्शन मध्येच थांबून 'ही कमांड आत्ता उपलब्ध नाही' म्हणते. या एका टिकेपायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

क्रॉप झाला की फोटो ४१३ गुणिले ५३१ पिक्सेलचा होतो. आता रेकॉर्ड सुरू करा. पहिली पायरी उजेडाची. लेव्हल्स उघडून आकडे देऊ नका, कारण तेच आकडे पुढच्या प्रत्येक चेहऱ्याला लागतील. शेतात राबणाऱ्या मामांचा चेहरा आणि शाळेतल्या पोरीचा चेहरा एकाच आकड्यावर उजळत नाही. त्यापेक्षा ॲक्शन पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूतून 'इन्सर्ट मेनू आयटम' घ्या आणि लेव्हल्सवर क्लिक करा. म्हणजे ॲक्शन चालवताना दर वेळी लेव्हल्सची चौकट तुमच्यासमोर उघडेल आणि तुम्ही ओके करेपर्यंत वाट पाहील.

दुसरी पायरी कॅनव्हास साइज. एकक पिक्सेल, 'रिलेटिव्ह'ची टिक काढलेली, रुंदी ४५०, उंची ६००, अँकर मधोमध, रंग पांढरा. फोटोभोवती कात्रीसाठी पांढरी कड तयार झाली. हे आकडे मी उगाच निवडलेले नाहीत. सहा बाय चार इंचाचा कागद ३०० रिझोल्यूशनला १८०० गुणिले १२०० पिक्सेल होतो. ४५० चोक १८००, ६०० दुणे १२००. आठ फोटो नेमके बसतात, इंचभरही कागद वाया जात नाही.

तिसरी पायरी 'लेअर' मेनूतून 'न्यू', त्यात 'लेअर फ्रॉम बॅकग्राउंड'. चौथी पुन्हा कॅनव्हास साइज, या वेळी १८०० आणि १२००. अँकरचा बाण मात्र डाव्या वरच्या कोपऱ्यात ठेवा. आता फोटो कोपऱ्यात आणि बाकी कागद मोकळा.

यापुढं बरेच जण फोटो हातानं सरकवतात किंवा पॅटर्न भरतात. मी ते करत नाही. माझी रीत घरात पोळीला घडी घालतात तशी आहे. कंट्रोल-जे दाबून लेअरची नक्कल करा. मग 'फिल्टर', 'अदर', 'ऑफसेट'. आडवं ४५०, उभं शून्य, खाली 'सेट टू ट्रान्स्परंट'. नक्कल शेजारी जाऊन बसते. कंट्रोल-ई दाबून दोन्ही एक करा. एकाचे दोन झाले. पुन्हा कंट्रोल-जे, ऑफसेट आडवं ९००, कंट्रोल-ई. दोनाचे चार. पुन्हा कंट्रोल-जे, या वेळी आडवं शून्य, उभं ६००, कंट्रोल-ई. चाराचे आठ. शेवटी 'फ्लॅटन इमेज' करून खालचा चौकोन दाबा, रेकॉर्ड थांबलं.

प्रिंटची कमांड मी ॲक्शनमध्ये मुद्दाम घातली नाही. कागद उलटा असेल, शाई संपली असेल, मामांनी आठऐवजी सोळा मागितले असतील. तो निर्णय माझ्या बोटावर राहू दे.

आता दुसरा फोटो घ्या, क्रॉप करा, एफ-६ दाबा. लेव्हल्स उघडेल, उजळून ओके करा. पापणी लवायच्या आत आठ फोटो. काही चुकलं तर पॅनेलच्या मेनूत 'प्लेबॅक ऑप्शन्स' आहे. तिथं 'स्टेप बाय स्टेप' निवडलं की ॲक्शन एकेक पाऊल टाकत चालते आणि ठेच कुठं लागते ते दिसतं.

एकशे बारा पोरं, एक चेहरा

एक फोटो झाला, आता ढीग. एकदा एका शाळेचे एकशे बारा फोटो लहान करून द्यायचे होते. ॲक्शन केली, आकार कमी केला, 'सेव्ह ॲज' करताना सवयीनं नावाच्या जागी काहीतरी टाइप केलं आणि थांबवलं. मग 'फाईल', 'ऑटोमेट', 'बॅच'मधून पूर्ण फोल्डर लावून जेवायला घरी गेलो. परत येऊन पाहतो तर सेव्हच्या फोल्डरमध्ये एकच फाईल. शेवटच्या पोराची. आधीचे एकशे अकरा चेहरे एकमेकांवर बसत गेले.

कारण साधं आहे. 'सेव्ह ॲज' रेकॉर्ड करताना तुम्ही नाव बदललंत की ॲक्शन ते नावही लक्षात ठेवते आणि प्रत्येक फाईल त्याच नावानं सेव्ह करते. जागा बदला, पण नावाला हात लावू नका, म्हणजे प्रत्येक फाईल आपापलं नाव घेऊन जाते. बॅचच्या चौकटीत 'डेस्टिनेशन'मध्ये वेगळं फोल्डर द्या आणि 'ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स'वर टिक करा. खाली चुकांचं काय करायचं ते विचारलेलं असतं. तिथं 'लॉग एरर्स टू फाईल' निवडा. नाहीतर तिसऱ्याच फोटोला एखादी खराब फाईल लागते, चौकट उघडी राहते आणि तुम्ही जेवून येईपर्यंत मशीन तुमची वाट पाहत बसतं.

मूळ फोटोंची एक नक्कल बाजूला ठेवल्याशिवाय बॅच लावायची नाही, हा नियम मी त्या दिवसापासून पाळतो.

फक्त आकार बदलायचा आणि जेपीजी करायचं असेल तर ॲक्शनचीही गरज नाही. 'फाईल', 'स्क्रिप्ट्स', 'इमेज प्रोसेसर' तेवढं काम परस्पर करतो.

आयकार्ड, आणि चौदा नंबरचा बाक

खरी मेहनत आयकार्डात वाचते. खरी चूकही तिथंच होते, म्हणून यावर जरा थांबतो.

एका कार्डावर नाव, वर्ग, जन्मतारीख, फोन, पत्ता आणि फोटो. दोनशे कार्डं म्हणजे बाराशे वेळा कॉपी-पेस्ट. फोटोशॉपमध्ये याला व्हेरिएबल्स नावाची सोय आहे. आपल्या भागात ती वापरणारा ऑपरेटर मला क्वचितच भेटला. एमएस-सीआयटीच्या क्लासात ती कुणी शिकवत नाही.

आधी एक कार्ड नीट डिझाईन करा. पीव्हीसी कार्ड ८५.६ गुणिले ५४ मिलिमीटरचं, म्हणजे ३०० रिझोल्यूशनला साधारण १०११ गुणिले ६३८ पिक्सेल. नाव, वर्ग, तारीख असा प्रत्येक मजकूर वेगळ्या टेक्स्ट लेअरवर हवा. फोटोच्या जागी कुठलाही एक फोटो वेगळ्या लेअरवर ठेवा. मग 'इमेज', 'व्हेरिएबल्स', 'डिफाईन'. एकेक लेअर निवडून टेक्स्टला 'टेक्स्ट रिप्लेसमेंट' आणि फोटोला 'पिक्सेल रिप्लेसमेंट' लावा आणि प्रत्येकाला इंग्रजीत छोटं नाव द्या. फोटोला 'फिल' ही पद्धत ठेवली की चौकट पूर्ण भरते.

एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत हीच नावं, खाली पोरांची माहिती, शेवटच्या स्तंभात फोटोच्या फाईलचं नाव. फोटो आणि यादी एकाच फोल्डरमध्ये असले की नुसतं फाईलचं नाव पुरतं. यादी भरायच्या आधी सगळा तक्ता निवडून त्याचं फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. नाहीतर ५ जून एक्सेलच्या मनानं ६ मे होते आणि शून्यानं सुरू होणाऱ्या नंबरचं शून्य गळून पडतं. मग 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह करा. फोटोशॉपमध्ये 'व्हेरिएबल्स', 'डेटा सेट्स', 'इम्पोर्ट' करताना एन्कोडिंगला यूटीएफ-८ निवडा, 'प्रिव्ह्यू'वर टिक करा आणि बाणानं दहा-बारा पोरं पुढं-मागं करून पाहा. ठीक वाटलं तर 'फाईल', 'एक्स्पोर्ट', 'डेटा सेट्स ॲज फाईल्स'. दोनशे कार्डांच्या दोनशे पीएसडी फाईली पडतात. त्या पीएसडीच असतात, दुसरा पर्याय नाही. त्यांचे जेपीजी करायला मघाचा इमेज प्रोसेसर लावा.

वाचताना हे सोपं वाटेल. अडचणी दोन, आणि दोन्ही आपल्याकडच्या.

पहिली फॉन्टची. शाळेतल्या क्लार्कची यादी बऱ्याचदा कृतिदेवमध्ये असते, आपली जुनी डिझाईन्स श्रीलिपीत. हे जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर घातलेला मराठी सदरा. आत इंग्रजी खुणाच असतात. कृतिदेवमध्ये स्वल्पविरामाच्या जागी 'ए' असतो आणि अर्धविरामाच्या जागी 'य'. माझ्याकडे एकदा नोटपॅडमध्ये स्वल्पविराम टाकून केलेली कृतिदेवची यादी आली. त्यात एकनाथ नावाचं पोरगं होतं. फोटोशॉपनं 'ए'ला स्वल्पविराम समजून तिथंच स्तंभ तोडला. नावाची जागा रिकामी, वर्गाच्या जागी 'कनाथ', जन्मतारखेच्या जागी वर्ग. मराठवाड्यात एकनाथ काही थोडे नाहीत. जुन्या फॉन्टातली यादी आलीच तर स्तंभ टॅबनं वेगळे करा. फोटोशॉपला टॅबही चालतो. त्याहून बरं म्हणजे यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घाला.

युनिकोडला मुंबईच्या एकटाईपचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात आणि कार्डावर छान वाचता येतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मराठी तुटतं, पहिली वेलांटी भलत्या जागी जाते. नव्या आवृत्तीत प्रेफरन्सेसच्या 'टाईप'मध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय दिसला तर तो निवडा. तो निवडल्यावरही 'क्ष', 'ज्ञ', 'र्‍या' आणि 'श्री' असलेली चार नावं टाकून आधी पाहा.

लांब नावांचं काय? फोटोशॉप अक्षर आपोआप लहान करत नाही, नाव कार्डाबाहेर जातं. म्हणून एक्सेलमध्ये नावाची लांबी मोजणारं सूत्र लावून यादी लांबीप्रमाणे लावा आणि सगळ्यात लांब नावावरच डिझाईन बेता. यादीत दोनचार नावं फारच लांब निघाली तर त्यांची कार्डं हातानं करा. चार कार्डांसाठी यंत्रणा उभी करण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण फोटो आणि नावाच्या जोडीची. फोटो हजेरीच्या क्रमानं काढले की विंडोजमध्ये सगळे निवडून एफ-२ दाबून नाव द्यायचं, क्रमांक आपोआप लागतात. नाव इंग्रजी अक्षरांत द्या आणि त्याआधी फोटो काढलेल्या वेळेनुसार लावून घ्या, नाहीतर क्रम विस्कटतो. मी असंच केलं. सातवीचा वर्ग, दिवाळी झालेली. चौदा नंबरची पोरगी आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. मी तिचा नंबर सोडून पुढच्याचा फोटो काढला. क्रमांक मात्र विंडोजनं सलग लावले. चौदाच्या नावावर पंधराचा चेहरा, पंधराच्या नावावर सोळाचा, आणि शेवटपर्यंत अख्खा वर्ग एक बाक पुढं सरकलेला. कार्डं छापून, गळ्यातल्या दोऱ्या लावून शाळेत पोचली तेव्हा एका पोरीनं आपल्या नावाचं कार्ड पाहिलं तर त्यावर मागच्या बाकावरचं पोरगं हसत होतं. छपाईचा खर्च माझ्या अंगावर आला, आणि तो यायलाच हवा होता.

आता मी शाळेत जाताना खडू घेऊन जातो. जो नंबर गैरहजर, त्या नंबरला फळ्यावर तो आकडा लिहून फळ्याचा फोटो काढतो. मोजणी बिघडत नाही, आणि नंतर फोल्डर चाळताना काळ्या फळ्यावर १४, २२, ३१ दिसले की किती पोरं ऊसतोडीवर आहेत तेही कळतं. परत आल्यावर त्यांचे फोटो काढून त्याच नंबरच्या जागी टाकले की कार्डं तयार. आयकार्डाचं काम दसऱ्याआधी घेता आलं तर उत्तमच, पण शाळांचे कागद आपल्या सोयीनं हलत नाहीत.

जोडी तपासायला आणखी एक युक्ती. फोटोंच्या फोल्डरमध्ये कमांडची काळी खिडकी उघडून फाईलींची यादी मजकुराच्या फाईलीत काढता येते. ती एक्सेलमधल्या यादीशेजारी चिकटवा. दोन्ही स्तंभ सारख्याच लांबीचे असले पाहिजेत. एक ओळ जरी कमी-जास्त दिसली तर पुढं जाऊ नका.

कोरलची दोन कामं

कोरलड्रॉमध्ये मॅक्रो रेकॉर्ड करता येतो, पण मी तो फारसा वापरत नाही. कोरलचा रेकॉर्डर प्रत्येक गोष्ट टिपत नाही. वापरायचाच असेल तर वस्तू आधी निवडून घ्या आणि मगच रेकॉर्ड सुरू करा.

त्यापेक्षा उपयोगी गोष्ट पीडीएफची. माझ्याकडे मोठी फ्लेक्स मशीन नाही, फाईल बीडला पाठवावी लागते. आधी मी कंट्रोल-ए, कंट्रोल-क्यू करून अक्षरं कर्व्ह करायचो. पण पॉवरक्लिपच्या आत ठेवलेला मजकूर त्यात निवडलाच जात नाही. एका श्रद्धांजलीच्या बॅनरवर गेलेल्या माणसाचं नाव पॉवरक्लिपमध्ये होतं. तिकडं फॉन्ट नव्हता, नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा पसारा आला. दहाव्याच्या आदल्या रात्री ते पाहिल्यावर काय वाटलं ते लिहीत नाही. आता मी 'पब्लिश टू पीडीएफ'च्या सेटिंग्जमध्ये, ऑब्जेक्ट्सच्या पानावर, 'एक्स्पोर्ट ऑल टेक्स्ट ॲज कर्व्ह्ज'वर टिक करून ते सेटिंग 'बीड फ्लेक्स' या नावानं जपून ठेवलं आहे. फाईल पाठवताना ते नाव निवडायचं, बास. आतलं-बाहेरचं सगळं कर्व्ह होऊन जातं.

दुसरं म्हणजे प्रमाणपत्रं. फक्त नाव बदलणारं काम कोरलच्या 'प्रिंट मर्ज'ला द्या. फील्ड तयार करा, प्रमाणपत्रावर ते जागेवर ठेवा, फॉन्ट आणि आकार द्या, यादी जोडा. मर्ज थेट प्रिंटरवर न करता नव्या डॉक्युमेंटमध्ये करा, म्हणजे छापण्याआधी प्रत्येक पान उलटून पाहता येतं.

लग्नपत्रिकेच्या तोरणासाठी मी आंब्याचं एकच पान काढतो, त्याचं सिम्बॉल करतो आणि 'स्टेप अँड रिपीट'नं ओळ करतो. अंतर आणि संख्या टाकली की झालं. गिऱ्हाईक म्हणालं, "पानं जरा हिरवीगार करा," तर एकच पान बदलतो, बाकीची आपोआप बदलतात. इलस्ट्रेटरवाल्यांना हाच क्रम कंट्रोल-डीनं जमतो. गिम्प वापरणाऱ्या पोरांना एवढंच सांगतो की त्यात रेकॉर्डचं बटण नाही, स्क्रिप्ट लिहावी लागते. क्लिप स्टुडिओत चित्रं काढणाऱ्यांना 'ऑटो ॲक्शन' पॅलेटमध्ये हे सगळं मिळेल.

वाढदिवसाच्या बॅनरवरचे शुभेच्छुक हा वेगळाच विषय. वीस-पंचवीस गोल चेहरे. सगळ्या फोटोंना बॅचनं एकसारखा चौकोनी आकार द्या, कोरलमध्ये गोल चौकटी आधीच तयार ठेवा आणि उजवं बटण दाबून ओढत प्रत्येक फोटो पॉवरक्लिपमध्ये सोडा. काम पटकन होतं. कुणाचा चेहरा पहिल्या ओळीत आणि कुणाचा शेवटच्या, हे मात्र बॅनर लावणाऱ्याकडून कागदावर लिहून घ्या. तो क्रम मी एकदा मोबाइलवर आलेल्या फोटोंच्या क्रमानं लावला होता. त्यानंतर आठ दिवस रस्त्यानं जाताना एक जण मला रामराम करत नव्हता.

बॅनरचा आकार ठरवताना ३०० रिझोल्यूशनच्या मोहात पडू नका. दहा बाय आठ फुटांचा बॅनर ७२ रिझोल्यूशनला ८६४० गुणिले ६९१२ पिक्सेल होतो आणि रस्त्यावरून पाहायला तो भरपूर आहे. ३००ला तोच ३६,००० पिक्सेल रुंद होईल, आणि साधी पीएसडी ३०,०००च्या पुढं सेव्हच होत नाही. दुकानाचं नाव कोपऱ्यात टाकायची ॲक्शन करायची असेल तर रेकॉर्ड करण्याआधी रूलरचं एकक टक्क्यांत ठेवा. मग बॅनर कितीही मोठा-छोटा असो, जागा प्रमाणात पडते.

निवडणूक लागली की आणखी एक पट्टी. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१च्या कलम १२७-क प्रमाणे प्रचाराच्या पत्रकावर, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवाच. धावपळीत हीच ओळ विसरली जाते. म्हणून निवडणुकीच्या टेम्प्लेटमध्ये ती पट्टी आधीच टाकून लॉक केली आहे. मुद्रकाचं नाव ठरलेलं, ते बदलत नाही. प्रकाशकाची जागा लाल रंगात मोकळी ठेवली आहे, म्हणजे भरायची राहिली तर डोळ्यांत खुपते.

पेनड्राइव्ह

रेकॉर्ड केलेली ॲक्शन फोटोशॉप लगेच डिस्कवर लिहीत नाही, प्रोग्राम नीट बंद केल्यावर लिहितो. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. पहिली ॲक्शन जमवून खुशीत बसलो होतो, तेवढ्यात लाईट गेली, इन्व्हर्टरनं मान टाकली, आणि परत चालू केलं तर पॅनेल रिकामं. तेव्हा ॲक्शन जमली की लगेच सेव्ह करा. पॅनेलच्या मेनूत 'सेव्ह ॲक्शन्स' फिकं दिसत असेल तर घाबरू नका, तुम्ही ॲक्शन निवडली आहे. वरचा सेट, म्हणजे फोल्डर निवडा, पर्याय उजळतो. डॉट एटीएन अशी एक छोटी फाईल तयार होते. विंडोज नव्यानं टाकलं, मशीन बदललं तरी तीच फाईल 'लोड ॲक्शन्स'नं उघडली की एफ-६ परत जागेवर.

माझी ती फाईल, पीडीएफचं सेटिंग, कोऱ्या कार्डाची पीएसडी आणि निवडणुकीचं टेम्प्लेट एका पेनड्राइव्हवर आहे. तो दुकानात ठेवत नाही, घरी देव्हाऱ्याखालच्या खणात असतो. भाचा सुट्टीला आला की गल्ल्यावर बसतो. परवा त्याला पहिल्यांदा एकट्याला मशीनवर बसवलं. एक आजी फोटोला आल्या होत्या. त्यानं क्रॉप केला, एफ-६ दाबलं, लेव्हल्सची चौकट उघडली, आणि ओके करायच्या आधी पोरगं मान वळवून मला म्हणालं, "मामा, आजी जरा काळ्या दिसायलेत, किती करू?"

"आजीला विचार," मी म्हणालो.